चिप-कारखान्यातील नोकरीसाठी पदवीची वर्षे कशी वापरावीत

प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत जर्मेनियमच्या डायोडचा एक प्रयोग असतो. डायोड तेलात बुडवून तापवायचा, तेल निवत असताना दर पाच अंशांना प्रवाहाची नोंद घ्यायची आणि आलेखाच्या चढावरून ऊर्जा-अंतर काढायचे. उत्तर ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास यायला हवे, हे आदल्या वर्षाच्या जर्नलमुळे सर्वांना अगोदरच ठाऊक असते. आमच्या गटाने तेल निवण्याची वाट पाहिली नाही. उत्तरावरून उलटे गणित मांडून रीडिंग लिहिली, सगळे बिंदू एका रेषेत बसले आणि दहापैकी नऊ गुण मिळाले. पुढे मोजमापांशी रोजचा संबंध आला तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी आम्ही नेमकी तीच सवय लावून घेतली होती, जी चिपच्या कारखान्यात सर्वांत महागात पडते. सेमीकंडक्टरच्या उत्पादनात काम करायचे असेल तर काय शिकावे, असे विद्यार्थी आणि पालक विचारतात तेव्हा मी अभ्यासक्रमांची नावे सांगण्याआधी त्यांच्या जर्नलची चौकशी करतो, ती यासाठी.

आधी काम ओळखावे

चिपच्या व्यवसायात आराखडा करणारे, वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ गोल चकतीवर, तो आराखडा उतरवणारे आणि तयार चिप कापून, तारा जोडून, आवरणात बसवून तपासणारे असे वेगवेगळे कारखाने आणि कंपन्या असतात. पहिल्या कामात भारतीय अभियंते फार पूर्वीपासून आहेत. जगातील चिप-रचनाकारांपैकी सुमारे एकपंचमांश भारतीय असल्याचे सरकारी निवेदनांत नेहमी सांगितले जाते. त्यामुळे आपल्याकडे ‘व्हीएलएसआय’ (एका चिपवर असंख्य सूक्ष्म घटक बसवण्याचे तंत्र) म्हटले की संगणकासमोर बसून व्हेरिलॉग या रचना-भाषेत आराखडा लिहिणे एवढेच डोळ्यांसमोर येते आणि खासगी प्रशिक्षणवर्गही बहुतेक तेच शिकवतात. ते शिक्षण वाईट नाही, परंतु फॅबमध्ये, म्हणजे वेफरवर चिप घडवणाऱ्या कारखान्यात, त्याचा उपयोग थोडा होतो. ‘सेमीकंडक्टर कोर्स’ अशी पाटी पाहून शुल्क भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमात ऑक्सिडेशन (ऑक्साइडचा थर वाढवणे), लिथोग्राफी (प्रकाशाने आराखडा उमटवणे), एचिंग (थर कोरून काढणे), डिपॉझिशन (थर चढवणे), यील्ड (एकूणांपैकी चांगल्या निघणाऱ्या चिपचे प्रमाण) यांपैकी किती शब्द आहेत ते पाहावे. एकही नसेल तर तो वर्ग आराखड्याचा आहे, हे समजून निर्णय घ्यावा.

फॅबमधील नोकऱ्या साधारणपणे अशा असतात. प्रोसेस इंजिनिअर एखाद्या पायरीची कृती, म्हणजे रेसिपी, सांभाळतो आणि थराची जाडी किंवा रेषेची रुंदी ठरल्याप्रमाणे येते की नाही याला जबाबदार असतो. इक्विपमेंट इंजिनिअर यंत्र चालू ठेवतो: पंप, व्हॉल्व्ह, रोबोचे हात, तापमानाचे नियंत्रण, ठरलेल्या वेळेची देखभाल. यील्ड आणि इंटिग्रेशनचे (सर्व पायऱ्यांचा मेळ घालणारे) लोक अनेकशे पायऱ्यांमधून दोष कुठे शिरला त्याचा माग काढतात. अतिशुद्ध पाणी, वायू, हवा आणि सांडपाणी सांभाळणारा सुविधा विभाग वेगळाच असतो, आणि केमिकल किंवा मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना तिथे मोठा वाव असूनही त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. जोडणी-तपासणीच्या कारखान्यात वेफर घासून पातळ करणे, कापणे, तुकडा चिकटवणे, केसाहूनही बारीक तारा जोडणे, आवरण ओतणे आणि अखेरची चाचणी ही कामे येतात. तिथे भौतिकशास्त्राइतकेच यांत्रिकीचे आणि प्लॅस्टिक-धातूंच्या गुणधर्मांचे ज्ञान लागते.

भारतात ही कामे कुठे आहेत, हेही स्पष्ट असावे. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १९८४ पासून उत्पादन सुरू झाले, १९८९ च्या आगीत ते उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले. आज तिथे आठ इंची वेफरवर १८० नॅनोमीटरचे तंत्र चालते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केल्यानंतर नवे प्रकल्प आले. टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांच्या धोलेरा येथील फॅबची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिची घोषित गुंतवणूक ९१,००० कोटी रुपये आणि क्षमता महिन्याला ५०,००० वेफर इतकी आहे. साणंदला मायक्रॉन, सीजी सेमी आणि केन्स यांचे, तर आसामात जागीरोडला टाटांचे जोडणी-तपासणीचे कारखाने आहेत. घोषणा आणि कारखाना यांतले अंतर मात्र मराठी वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही: तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतल्यावर तिथेही बारगळला. म्हणून एखाद्या बातमीवर विसंबून शाखा निवडू नये. जे शिकावे ते औषध, सौर-पत्रे किंवा वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातही चालेल असे शिकावे, आणि सुदैवाने फॅबला लागणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याच तशा आहेत.

शाखेचा प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्सशिवाय प्रवेश नाही, हा समज चुकीचा आहे. फॅब हा मुळात रसायने, निर्वात, उष्णता आणि प्रकाश यांचा कारखाना आहे. केमिकल, मेटलर्जी व मटेरियल्स, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्रातील बी.एस्सी.–एम.एस्सी. या सर्वांना तिथे जागा असते. प्रॉडक्शन शाखेच्या विद्यार्थ्याला तर नियोजनाच्या विभागात आपलेच पाठ्यपुस्तक चालू असल्यासारखे वाटेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये ‘व्हीएलएसआय डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ या पदवीचा आणि ‘आयसी मॅन्युफॅक्चरिंग’ या पदविकेचा आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. आपल्या महाविद्यालयात त्यांपैकी काही असेल तर जरूर विचार करावा, परंतु प्रयोगशाळा पाहिल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. नवे नाव, जुनीच उपकरणे आणि कंत्राटी अध्यापक अशी स्थिती असेल, तर चांगल्या महाविद्यालयातील जुन्या नावाची मटेरियल्स किंवा केमिकलची पदवी अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

मूळ शाखा कोणतीही असली तरी वैकल्पिक विषय निवडताना सेमीकंडक्टर उपकरणांचे भौतिकशास्त्र, सूक्ष्मनिर्मितीचे तंत्र, निर्वात-तंत्र आणि उपयोजित संख्याशास्त्र यांना प्राधान्य द्यावे. महाविद्यालयात हे विषय नसतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत. ती पाहावीतच, पण प्रत्येक व्याख्यानानंतर एक गणित हाताने सोडवावे. उदाहरणार्थ, १९६५ मध्ये डील आणि ग्रोव्ह यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर कसा वाढतो याचे जे सूत्र मांडले, त्यात थर सुरुवातीला वेळेच्या प्रमाणात आणि पुढे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हे का घडते ते दोन वाक्यांत सांगता येत असेल तरच व्याख्यान कळले, असे समजावे. (ऑक्सिजनला आधीच तयार झालेल्या थरातून झिरपत खाली पोहोचावे लागते आणि थर जितका जाड तितकी वाट लांब होते, हे त्याचे उत्तर.) पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग दिसतात, तसेच या थराचे रंग जाडीप्रमाणे बदलतात: सुमारे १०० नॅनोमीटरला गडद जांभळा, १५० च्या आसपास फिकट निळा. मोजण्याचे यंत्र हाताशी येण्याआधी जुने अभियंते वेफर दिव्याखाली तिरका धरून जाडीचा अंदाज बांधत, तो या रंगांवरून.

संख्याशास्त्र कागदावर नव्हे, हाताने

सर्वांत अधिक वेळ कशाला द्यावा असे कोणी विचारले तर मी बिनदिक्कत संख्याशास्त्राचे नाव घेईन, आणि त्याचे कारण एका छोट्या गणितात आहे. समजा, वेफर तयार करण्याच्या ५०० पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी ९९.९ टक्के वेळा बिनचूक पार पडते. परीक्षेत हे गुण डोळे दिपवतील, परंतु ०.९९९ चा ५०० वा घात ०.६१ च्या आसपास येतो, म्हणजे शंभरातील एकोणचाळीस चिप कचऱ्यात जातात. पायरीची अचूकता ९९.९९ टक्के केली की तोच आकडा ९५ वर जातो. दुसरे गणित चिपच्या आकाराचे आहे. दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ घातक दोष असतील तर एक चौरस सेंटिमीटरच्या चिपचे यील्ड सुमारे ९० टक्के आणि चार चौरस सेंटिमीटरच्या चिपचे सुमारे ६७ टक्के येते. मोठी चिप महाग का, हे यावरून आपोआप कळते. ही दोन्ही गणिते स्प्रेडशीटमध्ये मांडून, आकडे बदलून अर्धा तास खेळावे.

त्यानंतर नियंत्रण-आलेख शिकावा. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकसाठी तो मांडला आणि शंभर वर्षांनंतरही फॅबमधील प्रत्येक यंत्रासमोर तोच आलेख उघडलेला असतो. मध्यरेषेच्या वर आणि खाली तीन प्रमाण-विचलनांवर मर्यादा आखायच्या आणि एखादा बिंदू बाहेर गेला, किंवा सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, तर थांबून कारण शोधायचे. यातले मर्म असे की मर्यादेच्या आतली चढउतार पाहून यंत्राची चावी फिरवणारा माणूस सुधारणा करत नसतो. तो चढउतार वाढवत असतो.

त्याहीआधीची पायरी म्हणजे आपले मोजमाप विश्वासार्ह आहे का, हे तपासणे. त्यासाठी एक प्रयोग घरी किंवा वसतिगृहात करता येतो. एक रुपयाची दहा नाणी घ्यावीत, त्यांच्यावर चिकटपट्टीने क्रमांक टाकावेत, पण जाडी मोजण्याची जागा मोकळी ठेवावी. महाविद्यालयाच्या कार्यशाळेतून मायक्रोमीटर मागून आणावा. तिघांनी, एकमेकांचे आकडे न पाहता आणि नाण्यांचा क्रम दर वेळी बदलून, प्रत्येक नाण्याची जाडी तीनदा मोजावी. एकूण नव्वद आकडे होतात. आता एकाच माणसाच्या तीन मोजमापांत किती फरक पडला, माणसामाणसांत किती पडला आणि नाण्यानाण्यांत खरोखर किती आहे, हे वेगळे काढावे. मायक्रोमीटरचा खटका वाजेपर्यंत कोणी फिरवतो, कोणी त्याआधी थांबतो, कोणी नाण्याच्या उठावावर टेकवतो, हे तेव्हा कळते. उद्योगात याला गेज आर अँड आर म्हणतात. मोजमापातील अनिश्चितता एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर मापन चांगले, ३० टक्क्यांच्या वर गेली तर ते टाकून द्यावे, असा प्रघात आहे. पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्यांचा आकडा बहुधा लाजिरवाणा येतो. तो बदलू नये. तारखेसह वहीत लिहून ठेवावा.

संगणकाची बाजूही यालाच जोडून शिकावी. पायथन आणि एसक्यूएल यांचे काम चालेल इतके ज्ञान आता गृहीत धरले जाते. सरावासाठी ‘सेकॉम’ नावाचा एका सेमीकंडक्टर उत्पादन-प्रक्रियेचा माहितीसंच सर्वांना उपलब्ध आहे: १,५६७ नोंदी, प्रत्येकीत ५९० मोजमापे आणि त्यांपैकी केवळ १०४ नोंदी नापास. यात एक सापळा आहे. ‘सगळे पास’ असे डोळे मिटून सांगणारा प्रोग्रामही ९३ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरतो, म्हणून अचूकतेची टक्केवारी मिरवण्याऐवजी त्या १०४ पैकी किती सापडले ते सांगावे. शिवाय बऱ्याच रकान्यांत आकडेच नाहीत आणि काही रकान्यांत सर्वत्र एकच आकडा आहे. खऱ्या कारखान्याची माहिती अशीच येते.

हात कुठे चालवावा

क्लीनरूम, म्हणजे हवेतील धूलिकण मर्यादेत ठेवलेली खोली, फार थोड्या महाविद्यालयांत असते, तेव्हा तिची वाट पाहत बसू नये. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे आणि ‘इनअप’ या केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून बाहेरच्या संस्थांतील लोकांसाठी तिथे ओळख-कार्यशाळा आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण होते. बंगळूरच्या आयआयएससीसह आणखी काही संस्थाही त्यात आहेत. अर्ज करताना ‘मला शिकायचे आहे’ एवढेच लिहिण्यापेक्षा कोणता थर, कशावर आणि कशासाठी, अशी एक छोटी नेमकी योजना आपल्या प्राध्यापकांच्या सहीने जोडावी.

त्याखालोखाल उपयोगी म्हणजे आपल्या विद्यापीठांतील पदार्थविज्ञान विभाग. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर अनेक वर्षे संशोधन चालू आहे, आणि इतरत्रही एम.एस्सी.च्या प्रयोगशाळांत एखादा निर्वात-लेपनाचा संच, एखादी भट्टी असतेच. तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात मदत करणारा पदवीचा विद्यार्थी सहा आठवड्यांत जे शिकतो ते कोणत्याही प्रमाणपत्रात मिळत नाही: रोटरी पंपाचे तेल दुधाळ झाले तर त्यात पाणी गेले आहे, ओ-रिंगवर, म्हणजे जोड घट्ट बंद करणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस राहिला तरी दाब उतरत नाही, काच धुतल्यावर पाण्याची सलग पातळ पापुद्री राहिली तर ती स्वच्छ आणि थेंब तुटले तर तेलकट आहे.

तिसरा मार्ग अनेकांना कमीपणाचा वाटतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. चाकणच्या वाहन-भागांच्या कारखान्यांतील गुणवत्ता विभागात नियंत्रण-आलेख, गेज आर अँड आर आणि दोषाचे मूळ कारण शोधण्याच्या पद्धती रोज वापरल्या जातात, तर गोव्यातील आणि महाराष्ट्रातील औषधनिर्मितीच्या निर्जंतुक विभागांत स्वच्छ खोलीची शिस्त पाळली जाते. तिथे केलेली दोन महिन्यांची इंटर्नशिप फॅबच्या मुलाखतीत बेधडक सांगावी.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी जुन्या हार्ड डिस्कच्या मोटरवर स्पिन कोटर करता येतो: तबकडी ठरावीक वेगाने फिरवायची, काचेवर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि वेग, वेळ, द्रावणाचा घट्टपणा बदलत थर किती एकसारखा बसतो ते मोजायचे. यंत्र दिसायला ओबडधोबड असले तरी चालेल. तीन घटक एकाच वेळी पद्धतशीरपणे बदलून त्यांचा परिणाम वेगळा काढता आला, तर प्रयोग-रचनेचा सगळा धडा त्यात येतो.

क्लीनरूम आणि रसायने

क्लीनरूमचे नियम आधीच ठाऊक असले तर पहिल्या दिवशी गोंधळ उडत नाही. आयएसओ ५ वर्गाच्या खोलीत एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक चालत नाहीत. पोशाख वरून खाली चढवतात: केसांची टोपी, हूड, अंगरखा, बूट, काढतात उलट्या क्रमाने, आणि अंगरखा घालताना त्याची बाही जमिनीला टेकू द्यायची नसते. पावडर, काजळ, कपाळावरचे गंध, गजरा, पेन्सिल, साधा कागद हे सर्व बाहेर ठेवावे लागते. नोंदीसाठी तंतू न सोडणारा खास कागद असतो. लिथोग्राफीच्या भागात दिवे पिवळे असतात, कारण फोटोरेझिस्ट या वेफरवरच्या लेपावर निळ्या आणि अतिनील प्रकाशाचा परिणाम होतो.

रसायनांच्या बाबतीत मात्र माहितीपेक्षा भीती थोडी जास्त असलेली बरी. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेवर पडले तर सौम्य द्रावणाची वेदना काही तासांनी सुरू होऊ शकते, आणि तोवर ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून घेत असते. म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावणे आणि वेदना नसली तरी तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. ते जेल ज्या प्रयोगशाळेत हाताशी नाही, तिथे या आम्लाची बाटली उघडण्यास विद्यार्थ्याने सरळ नकार द्यावा, सांगणारे कोणीही असोत. सिलेन हा वायू हवेत स्वतःहून पेट घेऊ शकतो आणि आर्सिन अत्यल्प प्रमाणातही घातक आहे. प्रत्येक रसायनाचे सुरक्षा-पत्रक वाचून स्वतःच्या शब्दांत अर्धे पान लिहिण्याची सवय दुसऱ्या वर्षापासून लावावी.

मुलाखत आणि सही करण्यापूर्वी

मुलाखतीत व्याख्या कमी आणि प्रसंग अधिक विचारले जातात. उदाहरणार्थ: ‘थराची जाडी १०० नॅनोमीटर येत होती, मंगळवारपासून १०४ येते आहे, काय कराल?’ रेसिपीतील वेळ कमी करीन, असे उत्साहाने सांगणारा उमेदवार तिथेच अडखळतो. आधी प्रमाण-वेफर मोजून मापनाचे यंत्रच तर सरकले नाही ना ते पाहावे; मग ही वाढ यंत्राच्या एकाच चेंबरमध्ये (कप्प्यात) आहे की सर्वत्र, वेफरच्या मध्यावर आहे की कडेला, हे तपासावे; त्यानंतर मंगळवारी काय बदलले याची यादी करावी, जसे देखभाल, वायूचा नवा सिलिंडर, बदललेला सुटा भाग. दरम्यान पुढचे लॉट (एकत्र चालणाऱ्या वेफरचे गट) थांबवायचे की नाही, हे कोणाला विचारायचे तेही सांगावे, कारण एका डब्यात २५ वेफर असतात आणि विचार करण्यात घालवलेल्या वेळेत यंत्र थांबलेले नसते.

फॅब चोवीस तास चालते, तेव्हा पाळी बदलताना लिहिलेली टिपण ही अभियंत्याची खरी ओळख असते. प्रात्यक्षिकानंतर आठ-दहा ओळींत, साध्या इंग्रजीत, काय केले, काय आढळले, काय अपुरे राहिले आणि पुढच्याने काय करू नये, असे लिहून मित्राला द्यावे आणि त्याला काही न विचारता काम पुढे नेता येते का ते पाहावे.

नोकरीचा देकार आल्यावर पगाराच्या आकड्याबरोबर पाळी आठ तासांची की बारा तासांची, प्रशिक्षण देशात की परदेशात आणि किती महिने, त्यासाठी बॉन्ड किती वर्षांचा व रकमेचा, आणि धोलेरा किंवा जागीरोडसारख्या ठिकाणी राहण्याची व रात्रीच्या वाहनाची व्यवस्था कंपनी करते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. रात्रपाळीचा भत्ता मूळ पगारात धरला आहे की वेगळा, हेही त्याच पत्रात विचारावे. तिथे बऱ्याच जणांची पहिल्या महिन्यात निराशा होते.